चष्म्याची खूण

मी आधी साबण खपवत होते. म्हणजे जाहिरात कंपनीत बसून एकाच घाण्यातल्या पाच वड्यांना पाच स्वभाव चिकटवायचे, हे माझं काम. ही वडी आईची, ही खेळाडूची, ही लाजऱ्या मुलीची. फेस सगळ्यांचा सारखाच. त्यामुळे ताईचा मुलगा तीन दोस्तांना घेऊन टायरच्या दुकानावरच्या खोलीत गाणी बसवायला लागला आणि ताई म्हणाली, "तू बघ गं जरा यांचं, तुझ्या चार ओळखी आहेत," तेव्हा मी तासाभरात चौघांना वेष्टनं घालून टाकली. ड्रमवाला तापट. कीबोर्डवाली हुशार. गिटारवाला बडबड्या, तो जन्मजातच तसा होता, मला कष्ट पडले नाहीत. राहिला आमचा राघू.

राघू हे घरातलं नाव. लहानपणी एकच शब्द चार-चारदा म्हणायचा म्हणून त्याच्या बाबांनी कौतुकानं ठेवलेलं. कौतुक सरलं तेव्हा कळलं, की पोरगा अडखळतो. 'म' आला, 'ब' आला की ओठ घट्ट मिटायचे, मान ताणली जायची. आणि हाच मुलगा गायला लागला की कुठे खड्डा म्हणून नाही. असं का होतं ते डॉक्टरांनी आम्हाला दोनदा समजावून सांगितलं होतं. मला तेव्हा कळलं नाही आणि पुढे कळून घ्यायची गरज वाटली नाही.

पहिली मुलाखत रेडिओवर होती. समोरच्या माणसानं विचारलं, बँड कसा सुरू झाला? राघू 'म'वर अडला तो अडलाच. तो माणूस हसला. फार नाही, जरासाच. पण काचेपलीकडून मी राघूचे कान लाल होताना बघितले आणि माझं टाळकं सटकलं. माझ्या ताईच्या लेकराला हसतोस? घरी जाताना गाडीतच ठरवलं: आजपासून हा चारचौघांत बोलणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

तिथून 'मौनी' जन्माला आला. काळा सदरा, मिटलेले ओठ, आणि पोस्टरवर एकच ओळ: 'मौनी फक्त गातो.' बोलणाऱ्याची माती खपते, न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं, असं आमची आई म्हणायची. मी ते उलटं करून दाखवलं. पोरी वेड्या झाल्या. तो का बोलत नाही यावर लोक पानंच्या पानं लिहायला लागले. कुणी म्हणे प्रेमभंग, कुणी म्हणे व्रत. मी कशालाच हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

फक्त एक सोय लागत होती. मुलाखतीत कुणी राघूलाच थेट प्रश्न टाकला तर? तेव्हा आम्ही खूण ठरवली. मी कॅमेऱ्यामागे उभी असायची, मुलांना दिसेल अशी. मी चष्मा काढला, की बडबड्यानं तोंड उघडायचं. कोण काय बोलतंय, अर्धं राहिलंय की पुरं, बघायचं नाही. झडप घालायची आणि हशा पिकवून मोकळं व्हायचं. अडीच वर्षांत ही खूण एकदाही चुकली नाही. बडबड्या तर म्हणायचा, "मावशी, तुम्ही घरी झोपताना चष्मा काढत असाल ना, तेव्हाही मी इकडे बोलायला लागतो."

मग एक दिवस ताई माझ्या ऑफिसात आली. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर असते; दुपारची सुट्टी बुडवून आली होती. खुर्चीवर बसलीसुद्धा नाही.

"तो घरीही बोलत नाही आता," ती म्हणाली. "जेवायला वाढू का विचारलं तर मान हलवतो. चार महिने झाले. आधी अडखळायचा, पण बोलायचा गं. भांडायचासुद्धा."

"दमत असेल. शो किती असतात बघतेस ना."

"मला शिकवू नकोस. तू त्याला वाचवलंस असं तुला वाटतं. मला माझा मुलगा ऐकू येईनासा झालाय."

मी म्हटलं, बघते. अशा वेळी मी नेहमी 'बघते' म्हणते.

त्याच आठवड्यात ते पत्र आलं. अकरा वर्षांच्या मुलीचं, रेघांच्या कागदावर. 'मौनीदादा, मी पण अडखळते. आता मी शाळेत बोलणं बंद केलंय, तुझ्यासारखं. आता कुणी हसत नाही. थँक्यू.' खाली तिनं मिटलेल्या ओठांचं चित्र काढलं होतं. खोटं कशाला बोलू, माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की हे बँडच्या फेसबुक पानावर टाकायला काय सुंदर आहे! मी मोबाइलवर त्याचा फोटोसुद्धा काढला.

राघूनं पत्र माझ्या हातातून घेतलं. वाचलं. परत वाचलं. मग ते चार घड्या करून खिशात घातलं आणि माझ्याशी बोलला. कित्येक आठवड्यांनी.

"म-म-मावशी. मला ब... बोलायचंय."

पुढच्या गुरुवारी टीव्हीवर आमची दुपारची मुलाखत होती, थेट प्रक्षेपण. तिथे त्याला तीन वाक्यं म्हणायची होती. 'मी मौनी नाही. मी अडखळत बोलतो. तूही बोल.' बस्स. मी त्याला म्हटलं, निदान 'म'नं सुरू होणारं तरी काढ, वाक्य फिरवून घेऊ. त्यानं नाही म्हणून मान हलवली. तेच म्हणायचं होतं.

मी दोन दिवस धुसफुसत होते. अडीच वर्षं विटेवर वीट रचायची आणि यानं तीन वाक्यांत भिंत पाडायची! तिसऱ्या दिवशी मी टायरच्या दुकानावरचा जिना चढत होते, तर वरून त्याचा आवाज आला. खोलीत तो एकटाच होता. भिंतीकडे तोंड करून पहिलंच वाक्य म्हणत होता. अडायचा, थांबायचा, श्वास घ्यायचा, परत सुरू. मी पायरीवर बसून मोजलं नाही, पण वीसेक वेळा तरी म्हणाला असेल. मला माझीच लाज वाटली. वर जाऊन सांगितलं, "बोल. काय व्हायचं ते होऊ दे."

"च-चष्मा नको," तो म्हणाला.

"नाही काढणार. शप्पथ."

शपथ खरी होती. पण गुरुवारी मेकअपच्या खोलीत बडबड्याला बाजूला घेऊन मीच म्हटलं, "आज तो बोलेल. मध्ये पडू नकोस. पण लक्ष माझ्याकडे असू दे हं. अगदीच अडला, तर खूण आहेच." जित्याची खोड! राघू पलीकडच्या आरशासमोर बसला होता. त्यानं ऐकलं नाही असं मी समजून चालले.

स्टुडिओत गार होतं आणि दिवे भगभगत होते. निवेदिका गोड होती, पहिले प्रश्न बडबड्यानं हसत-खेळत उडवले. मग ती राघूकडे वळली आणि लाडानं म्हणाली, "आणि मौनी, आम्हाला एकही शब्द नाही?" हा प्रश्न ती विचारणारच हे आम्हाला ठाऊक होतं.

राघूनं खिशावर हात ठेवला.

"मी," तो म्हणाला. मग ओठ मिटले. डोळे मिटले, मान ताणली गेली. निवेदिकेचं हसू जागच्या जागी थिजलं. कॅमेऱ्यामागचा माणूस माझ्याकडे बघायला लागला. चष्म्याकडे हात जाऊ नये म्हणून मी दोन्ही मुठी पाठीमागे आवळून धरल्या. म-म-म. किती वेळ गेला कुणास ठाऊक. त्यानं डोळे उघडले, श्वास घेतला.

"मी म-म-मौनी न-नाही."

म्हणाला! माझं बाळ म्हणालं! ताईच्या घरी पाळण्यात मी ज्याला जोजवलं होतं, तो सगळ्यांसमोर बोलला होता आणि दुसऱ्या वाक्यासाठी श्वास घेत होता. मला रडू आवरेना. समोरचं सगळं धूसर झालं, त्याचा चेहराही दिसेना. मला तो बघायचा होता. म्हणून मी चष्मा काढला आणि ओढणीनं डोळे पुसले.

"नाहीच मुळी!" बडबड्याचा आवाज खणखणला. "मौनी कसला तो, गाण्यातून अख्खा दिवस बोलतो! आमचं डोकं उठवतो!"

स्टुडिओ हशानं भरून गेला. टाळ्या पडल्या. निवेदिकेनं छातीवर हात ठेवून "किती छान!" म्हटलं, आणि ब्रेक घेतला.

मी चष्मा घाईनं नाकावर चढवला. राघू माझ्याकडेच बघत होता. रागावलेला दिसला असता तर मला सोसवलं असतं. पण तो नुसता बघत होता, आणि मग त्यानं खिशावरचा हात खाली घेतला. ब्रेकनंतर तो गायला. उत्तम गायला.

गाडीत मी त्याला सांगितलं, की मी रडत होते रे, खूण नव्हती ती, आईशप्पथ. चारदा सांगितलं. बडबड्याला मी काय बोलणार? पोरानं मी शिकवलं तेच चोख केलं होतं. त्याला पढवून ठेवणारी मी, आणि डोळे पुसणारीही मीच.

ताईनं दार उघडलं तेव्हा तिच्या अंगावर दुकानाचा पांढरा कोट तसाच होता. धावत आली असावी.

"मी टीव्ही लावला नाही," ती धापा टाकत राघूला म्हणाली. "दुकानातले लाव म्हणत होते, मी लावू दिला नाही. मला तुझ्या तोंडून ऐकायचंय. बोललास? काय बोललास रे?"

राघू उंबऱ्यातच थांबला. माझ्याकडे वळला. दोन्ही हातांनी, अगदी हळू, त्यानं माझ्या नाकावरचा चष्मा काढला, काड्या मिटल्या आणि तो माझ्या तळहातावर ठेवला. मग तो आत निघून गेला.

ताई माझ्या उत्तराची वाट बघत उभी होती. तिचा चेहरा मला नीट दिसत नव्हता.