ऋतिकाची पोटरी

मुलीच्या घरी राहणाऱ्या बापाने कमी बोलावं, हे कुणी शिकवत नाही. ते आपोआप जमतं. बायको गेल्यावर माधुरीने मला बोरिवलीला आणलं. जावई राजेशराव मोकळ्या मनाचे, पण कबड्डीच्या बाबतीत घरात शेवटचा शब्द त्यांचाच. ते स्वतः बँकेच्या संघातून खेळलेले. आता नात ऋतिका खेळते, चढाईला जाते. मला त्यातलं फारसं कळत नाही.

गणपतीनंतरच्या एका सामन्यात ऋतिकाच्या पोटरीचा स्नायू फाटला. घरात रिकामा मीच, म्हणून तिला फिजिओथेरपीला न्यायचं काम माझ्याकडे आलं. तिथल्या प्रांजल मॅडम तिच्या पोटरीवर पॅड चिकटवून मशीन सुरू करत. करंट आला की पोटरी आपोआप आवळायची आणि सुटायची. कातडीखाली मासोळी वळवळावी तशी.

"करंट आला की तूही पाऊल दाब," मॅडम सांगत. "मशीन स्नायूला नुसतं जागं करतंय. काम त्यालाच करायचंय."

"आणि मॅच?"

"एका पायावर उभं राहून टाच उचल. दुखलं नाही, थरथरलं नाही, की मग मॅचचं बोलू."

टाच काही धड उचलली जात नव्हती, आणि जिल्ह्याची निवड चाचणी रविवारवर आली होती.

बुधवारी राजेशराव मित्राकडून मोबाइलएवढं एक मशीन घेऊन आले. ते वेगळं होतं. त्याने स्नायू हलत नव्हता. नुसत्या मुंग्या यायच्या आणि दुखणं कमी व्हायचं. ऋतिका पॅड लावून हॉलभर फिरली.

"पप्पा, झकास! काहीच दुखत नाहीये."

"बघ! ती मॅडम उगाच ताणत बसलीये. रविवारी हे लावायचं, काढायचं आणि डायरेक्ट मैदानात."

"मॅडमना एकदा विचारायचं का?" मी म्हणालो, पण ते इतकं हळू, की माधुरीने आतून विचारलं, "काय हवंय अण्णा? चहा?"

"हो," मी म्हणालो.

चहा पिताना राजेशरावांनी माझ्याही गुडघ्याला पॅड लावले. "घाबरू नका अण्णा, शॉक नाही बसत." गुडघ्याला मुंग्या आल्या आणि कित्येक महिन्यांची कळ खरंच विरून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा मशीन लावून घेतलं आणि वाचनालयात निघालो. पाय इतका हलका वाटत होता की वाचनालय मागे टाकून थेट नॅशनल पार्कच्या गेटपर्यंत चालत गेलो आणि चालतच परत आलो. जिनाही न थांबता चढलो. संध्याकाळी गुडघा पपनसासारखा सुजला. शुक्रवारी खुर्चीतून उठवेना.

ऋतिका बर्फाची पिशवी घेऊन आली. "आजोबा, कुणी सांगितलं होतं पार्कात जायला?"

"दुखत नव्हतं ना."

तिने पिशवी गुडघ्यावर धरली. मग दाराकडे बघत म्हणाली, "माझंही तसंच आहे. लावलेलं असतं तेव्हा बरं वाटतं, काढलं की थोड्या वेळाने ठणकायला लागतं. पप्पांना सांगू नका हं."

"अगं, पण का?"

"त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलंय मी खेळणार म्हणून. आणि मलाही खेळायचंय ना! पुढच्या वर्षी या गटात माझं वय बसत नाही."

मी नुसती मान हलवली. तिने तो होकार समजला.

शनिवारी दुपारी सगळे जेवायला बसलो होतो. राजेशराव उद्याच्या चढायांचं बोलत होते. शेवटी पाणी पिऊन मी म्हणालो, "राजेशराव, मशीन न लावता तिला एकदा टाच उचलायला सांगा."

"आजोबा!" ऋतिका ओरडली.

"अण्णा, तुम्हाला कबड्डीतलं काय कळतं?" राजेशराव म्हणाले. रागाने नव्हे, आश्चर्याने.

"काही नाही. पण हा गुडघा बघा. दुखेना, म्हणून मी चाललो. तो बरा झालेलाच नव्हता."

राजेशराव ऋतिकाकडे वळले. "उचल गं. दाखव त्यांना."

ती भिंतीला हात लावून एका पायावर उभी राहिली.

"भिंत सोड."

टाच बोटभर उचलली गेली, पाय लटलटला आणि तिने दुसरा पाय टेकवला.

"परत," राजेशराव म्हणाले. आवाज मात्र खाली आला होता. तिने परत केलं. या वेळी तिचे डोळे भरून आले.

"दुखतंय?"

"हो."

"कधीपासून?"

"थांबलंच नव्हतं, पप्पा."

राजेशराव ताटावरून उठले. उष्टा हात तसाच ठेवून तिच्यापुढे उकिडवे बसले आणि डाव्या हाताने आधी एक पोटरी दाबून पाहिली, मग दुसरी. दुखरी पोटरी बारीक झाली होती. मलाही ते लांबून दिसलं. मग त्यांनी प्रशिक्षकांना फोन लावला. "निलेश, उद्या ऋतिका नाही खेळत. नाही रे, तिचा हट्ट आहेच. मीच नाही म्हणालो."

ऋतिका खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. आपण भलतंच बोलून बसलो, असं मला रविवारी दिवसभर वाटत होतं. पोरीची या गटातली शेवटची संधी गेली, आणि तीही तिच्याच घरी राहणाऱ्या माणसामुळे.

सोमवारी फिजिओथेरपीच्या वेळेला ती चपला घालून दारात उभी राहिली. मी लंगडत खाली उतरलो. रिक्षात ती माझ्या शेजारी बसली.

"तुम्ही आधी मला सांगायचं होतं," ती म्हणाली. "असं सगळ्यांसमोर नाही."

"हो गं. चुकलं माझं."

सिग्नलला रिक्षा थांबली.

"अर्थात, मी ऐकलं नसतं," ती म्हणाली आणि माझ्या गुडघ्याला धक्का लागू नये म्हणून थोडी पलीकडे सरकली.