वरचा हात कुणाचा

टांकसाळीत नाण्यांचे साचे कोरणाऱ्या बार्दासकडे त्या दिवशी सकाळी एक पाहुणा आला, दुपारी दुसरा, आणि निघताना दोघांनीही त्याच्या उजव्या हाताकडे टक लावून बघितलं. असं बघणं बरं नसतं.

सकाळी आला ग्रिगोरास, नव्या सम्राटांचा धाकटा भाऊ. महिन्यापूर्वी गडी सरहद्दीवर घोडे हाकत होता. विधवा सम्राज्ञीनं याच्या थोरल्या भावाशी लग्न केलं, तेव्हापासून रेशमात घामाघूम होऊन हिंडत होता.

"ईस्टरला सरदारांना वाटायला सोन्याची नवी नाणी पडणार ना?"

"पडणार, सरकार."

"एका अंगाला येशू, नेहमीसारखा. दुसऱ्या अंगाला मधे क्रूस, इकडे दादा, तिकडे वहिनी, दोघांनी दांडा धरलेला. दादांचा हात वर. टाळक्यात शिरलं?"

न शिरायला काय झालं! कॉन्स्टँटिनोपलमधलं शेंबडं पोरही सांगेल, क्रुसावर ज्याचा हात वर त्याचं राज्य, खालचा नुसता सोबतीला. नाण्यावरची लॅटिन अक्षरं कुणाला वाचता येत नसत. बार्दासलाही येत नसत. बापानं कोरली तशी तो कोरायचा. पण हात? हात सगळ्यांना वाचता यायचे.

"आणि चूक झाली," ग्रिगोरास म्हणाला, "तर खोटी नाणी पाडणाऱ्याचं काय तोडतात, ते तुला सांगायला नको."

दुपारी आला पोथोस, सम्राज्ञींचा कंचुकी, म्हणजे त्यांच्या महालाचा कारभारी. गुलाबपाण्याचा घमघमाट आणि आवाज लोण्यासारखा.

"बार्दासबाबा, गादी कुणाच्या वडिलांची?"

"सम्राज्ञींच्या, साहेब."

"मग वर हात कुणाचा हवा?"

"त्यांचाच की, साहेब."

"शहाणा आहेस. फार गुणी हात आहे हो तुझा. जप त्याला."

राजाराणीलाच विचारावं, तर ती सोय नव्हती. लग्नाच्या आठव्या दिवसापासून दोघं वेगवेगळ्या महालात जेवत होती.

घरी बार्दास नुसता भिंतीकडे बघत बसला. पुढ्यातले हरभरे गार झाले. बायको थेक्ला केर काढत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि फसकन हसली.

"हसतेस काय? माझा हात जायची वेळ आलीय!"

"मग रडू? बरं, उठा. धरा ही केरसुणी."

"काय करू धरून?"

"धरा म्हणते ना!"

त्यानं लांब दांड्याची ती केरसुणी धरली. तिनं त्याच्या मुठीवर आपली मूठ ठेवली. त्यानं खालचा हात काढून तिच्यावर ठेवला. तिनं पुन्हा वर. असं करत करत दांडा संपला आणि थेक्लाचा हात टोकावर उरला. लहानपणी दारात चेंगरून तिची करंगळी बाहेरच्या बाजूला वाकली होती, ती तशीच ऐटीत उभी.

"हे दोघं असेच चढत चढत नाण्याबाहेर पडायचे बघा," ती म्हणाली. "त्यापेक्षा दोघांना खाली बसवा आणि वर तिसऱ्याचाच हात घाला!"

बार्दास त्या हाताकडे बघतच राहिला. मग तिला तिथंच सोडून टांकसाळीकडे पळाला.

आता टांकसाळीतली एक गंमत सांगायला हवी. सोन्याची नाणी तेव्हा वाटीसारखी खोलगट असत, आणि खोलगट नाण्यावर घण एका ठोक्यात बसत नाही. एक ठोका साचा डावीकडे कलवून, दुसरा उजवीकडे. दोन्ही कडा झकास उठतात, पण मधली पट्टी दोन्हीकडून मार खाते आणि तिथलं सगळं फरफटतं. वीस वर्षं बार्दास नाजूक कोरत होता, ठोकणारे त्याची माती करत होते, आणि वीस वर्षं तो त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. या खेपेला त्यानं त्यांना घरची दारू पाजली आणि म्हणाला, "नेहमीसारखं ठोका रे बाबांनो. सुधारायला जाऊ नका."

साच्यात त्यानं राजाराणीचे हात क्रुसावर अगदी एका रेषेत बसवले. त्यांच्या वर, ऐन फरफटणाऱ्या पट्टीत, आभाळातून उतरलेला देवाचा हात. तसा हात जुन्या नाण्यांवर सापडायचा, म्हणजे कुणी हटकलंच तर बोलायला तोंड होतं. साचा तापवून पाण्यात घातला, पोलाद कडक झालं, आणि मग पुसताना त्याच्या लक्षात आलं. त्याचा मेला हात डोळ्यांनी पाहिलेलं तेच कोरायचा. देवाची करंगळी बाहेरच्या बाजूला वाकली होती.

आता ती खोडायची सोय नव्हती आणि ईस्टर चार दिवसांवर. बार्दासनं स्वतःला दोन शिव्या दिल्या आणि साचा घणाखाली दिला.

नाणी पडली. क्रुसाच्या मधोमध एक गोळा आणि त्याच्या वर आणखी एक गोळा, बाकी सगळा घोळ! ग्रिगोरासनं नाणं उजेडात धरलं, वरचा गोळा दादांच्या बाहीला जोडला आणि बार्दासच्या पाठीवर थाप मारली. पोथोसनं तोच गोळा सम्राज्ञींच्या बाहीला जोडला आणि तसं त्यांना जाऊन सांगितलं. बार्दास दोघांना तितकंच वाकून मुजरा करत होता.

ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी बार्दासच्या चुलीवर कोकराचा रस्सा रटरटत होता आणि पोथोस दारात उभा राहिला. एकटाच. न विचारता बसला आणि मेजावर एक नाणं ठेवलं.

"आमच्या वाट्याच्या थैलीत निघालं," तो म्हणाला. "बघ बरं."

बार्दासनं ते उचलून उजेडात धरलं. हजारांत एखादं नाणं नेमकं बसतं, तसं हे बसलं होतं. डोळे, मोती, बाह्यांवरचं भरतकाम, सगळं लख्ख. दोन हात एका रेषेत आणि वर तिसरा. वीस वर्षांत इतकं सुंदर नाणं त्याचं एकही पडलं नव्हतं, आणि पडलं ते हे!

"हा वरचा कुणाचा?" पोथोसनं विचारलं.

"देवाचा, साहेब. राजाराणीच्या वर देवच ना?"

"असं होय. मी सम्राज्ञींना शपथेवर सांगितलं, वरचा हात त्यांचा आहे म्हणून."

बार्दासनं नकळत आपला उजवा हात मेजाखाली घेतला. चुलीपाशी थेक्ला रश्शात मीठ घालत होती. घातलं आणि पुन्हा घातलं.

"आणि एक सांग," पोथोस पुढे वाकला. "देवाची करंगळी वाकडी असते?"

एवढ्यात थेक्लानं वाडगा आणून पाहुण्यापुढे ठेवला. तिनं हात लपवले नाहीत. यांचा हात गेलाच तर माझ्यामुळे जाईल, असं तिच्या मनानं घेतलं होतं, आणि आपल्या माणसाला ती एकटं सोडणार नव्हती. वाकडी करंगळी वाडग्याच्या काठावर तशीच राहिली.

पोथोसनं करंगळीकडे बघितलं. मग नाण्याकडे. मग पुन्हा करंगळीकडे. खांदे हलायला लागले, तेव्हा बार्दासला वाटलं, हा चिडला. पण कंचुकी डोळ्यांतून पाणी येईतो हसत होता.

"अख्ख्या राज्याचे सरदार हिचा हात खिशात घालून हिंडतायत!"

"साहेब, ते नाणं..."

"हे एकच नीट आहे ना? वितळव. मी खोटं बोललो, हे सम्राज्ञींना सोड, मला तरी कुठं कळायला हवंय? आणि तुझ्या ठोकणाऱ्यांना सांग, असंच वाईट काम चालू ठेवा."

त्यानं चमचाभर रस्सा तोंडात घातला आणि तोंड वाकडं केलं. पाण्याचा पेला एका दमात संपवून तो उठला आणि दाराशी जाऊन वळला.

"बार्दासबाबा, देवाला म्हणावं, मीठ फार झालंय."