रेडिओची उत्तरपूजा

भोसरीच्या शाळेला सरकारने बॅटरीवर चालणारा रेडिओ दिला, तो मुलांनी पुणे केंद्रावरचे धडे ऐकावेत म्हणून. हेडमास्तर उद्धवरावांनी तो खंडेनवमीला पूजेत मांडला आणि उत्तरपूजा काही केली नाही. मांडलेल्या पूजेतल्या वस्तूला कोणी हात लावत नाही. त्यामुळे रेडिओ माघ उजाडला तरी हळदकुंकवासकट नवाकोरा होता.

एका दुपारी चौथीच्या इंदुताई मुलांना घेऊनच ऑफिसात शिरल्या.

"गुरुजी, आज समुद्राचा धडा आहे. या पोरांनी इंद्रायणीपलीकडे पाणी पाहिलेलं नाही."

"बाई, पूजा मोडायची का?"

"मोडायची कशाला? संपवायची."

इंदुताईंनी पदराची गाठ सोडली, अक्षता वाहिल्या, हात जोडले आणि रीतीप्रमाणे रेडिओ बोटभर सरकवला. "झाली उत्तरपूजा. आता हा देव नाही, रेडिओ आहे."

"बिघडला तर तुमची बदली पुनावळ्याला करवीन!"

"करवा. पुनावळ्यालाही पोरं आहेत."

त्यांनी बटण फिरवलं. आधी खरखर झाली, मग ऑफिसात लाटा फुटू लागल्या. पुढच्या रांगेतल्या ज्योतीरामने पाय वर घेतले. उद्धवरावांनीही घेतले, पण ते म्हणे थंडीमुळे.

रेडिओ बिघडला नाही. बदली मात्र झाली. पुनावळ्याच्या शाळेतही रेडिओ आल्याचं आणि तिथल्या हेडमास्तरांनी तो देव्हाऱ्यात ठेवल्याचं कळलं, तेव्हा इंदुताईंनी निघताना पदराला पुन्हा अक्षता बांधल्या. या वेळी मूठभर.