सुजलेली पोटरी

“वहिनी, भाऊंची पोटरी सुजली, दुखायला लागली तर चोळू नका. तडक माझ्याकडं आणा.” मंचरच्या फिजिओथेरपिस्ट वृषालीताईंनी बजावलं, तेव्हा यशोधरेनं नुसतं “बरं” म्हटलं. लक्ष सगळं कडेवरच्या सात महिन्यांच्या रत्नाकडं. बीए झालेली बाई, पोरीच्या लसीची तारीख कधी चुकवली नाही. पण नवऱ्याच्या पायाचं एवढं काय, असं तिला वाटलं.

कपिल कळंबच्या संघातला कबड्डीपटू. सामन्यात नडगी मोडली, दीड महिना प्लास्टर. ते निघून आठ दिवस झाले आणि पोटरी टरारून फुगली.

“हाड जुळताना सूज यायचीच,” सासूबाई, जानकाबाई म्हणाल्या. “तेल कोमट कर. म्या दहा बाळंतिणी चोळून उभ्या केल्या, ह्यो तर रेडा हाय!”

“आये, रेड्याला जरा हळू,” कपिल हसला. “पण लई बरं वाटतंय.”

पुढचे दोन दिवस यशोधरेनंच जोर लावून पाय चोळला. तिसऱ्या दिवशी व्यायामासाठी मंचरला गेले. दवाखान्याच्या जिन्यात कपिल मधेच थांबला.

“एवढ्यात दम लागला? आणि म्हणे फायनल खेळणार!” यशोधरेनं चिडवलं.

तो हसला नाही. “छातीत टोचतंय गं.”

वृषालीताईंनी टेपनं दोन्ही पोटऱ्या मोजल्या. उजवी, मोडलेल्या पायाची, तीन सेंटिमीटरनं जास्त. त्यांचा चेहरा उतरला.

“चोळलीत?”

यशोधरेनं खाली बघत मान डोलावली.

“शिरेत रक्ताची गुठळी झालेली दिसतेय. चोळल्यानं तिचा तुकडा सुटून फुप्फुसात गेला असेल. कपिलभाऊ, आता उठायचं नाही.”

खुर्चीसकट उचलून त्याला जीपमध्ये घातलं. पुण्यापर्यंत यशोधरा त्याच्या छातीकडं बघत राहिली. छाती वर आली की तिचा श्वास सुटायचा, खाली गेली की अडकायचा. मांडीवर रत्ना रडून रडून निळी झाली, तरी तिची नजर हलली नाही.

पुण्यात डॉक्टर म्हणाले, “औषध चालू केलंय. आज काहीच सांगता येत नाही.”

तेव्हापासून ती अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेरच्या बाकावर बसलीय. दार वाजलं की दचकते. शेजारी कुणीही टेकलं की हात धरून विचारते, “तुमच्याकडं कुणाचं प्लास्टर निघालंय का हो?” लोक चमकतात, हात सोडवून घेतात. तुम्ही तरी सोडवून घेऊ नका. घरात, शेजारी, तुमच्या संघात असं कुणी असेल तर आत्ताच जाऊन त्याचे दोन्ही पाय बघा, एक पोटरी सुजली असेल तर न चोळता तडक दवाखान्यात न्या, असं यशोधरा तुमच्या पाया पडून सांगतेय.