खमीरवाल्याचं आतडं

पाववाल्याला सगळी गल्ली खमीरशेठ म्हणायची, आणि त्याला ते भूषण वाटायचं. दुकानामागच्या खोलीत, एका बरणीत त्याने बापाच्या वेळचं खमीर पाळलं होतं. त्याला तो रोज पीठ-पाणी द्यायचा, थंडीत फडक्यात गुंडाळायचा आणि वर त्याच्याशी गप्पा मारायचा. त्यातले जंतू ही त्याची लेकरं. बायकोशी दोन शब्द बोलायला मात्र स्वारीला सवड नसायची. ती नाक मुरडायची आणि गल्ल्यावर बसायची.

मग खमीरशेठच्या आतड्यात कॅन्सरची गाठ निघाली. सर्जनबाईंनी नीट समजावलं: गाठ कापून आतड्याची दोन टोकं शिवायची; आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध प्यायचं आणि आतले जंतू कमी करायच्या गोळ्या घ्यायच्या. औषध तो निमूट प्याला. गोळ्या मात्र बायकोची पाठ फिरताच संडासात टाकल्या. कारण धाकट्या भावाने मोबाईलवर व्हिडिओ दाखवला होता, की पोटातले जंतू म्हणजे आपलं सैन्य, त्याला हात लावू नका. आधीच मर्कट, त्यात मद्य प्याला! घर झाडून घ्यायला खमीरशेठची हरकत नव्हती, लेकरांना विष घालायला होती.

ऑपरेशन झालं. आता घरी सोडतील असं वाटत असतानाच ताप चढला आणि पोट फुगून फळीसारखं कडक झालं. सर्जनबाईंनी तपासण्या करून घेतल्या आणि पलंगाशी आल्या.

"जोड सुटलाय. आतड्यातलं पोटात गळतंय, लगेच पुन्हा उघडावं लागेल. आदल्या दिवशीच्या गोळ्या घेतल्या होत्या ना?"

"घेतल्या की. सगळ्या," तो म्हणाला.

बायकोने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. कालचा पाव आजचा म्हणून खपवताना तो अस्सं तोंड करायचा.

"खरं सांगा."

"वहिनी, आत्ता कशाला तो विषय?" पलंगाशी उभा असलेला दीर मध्ये पडला, आणि तिला सगळं कळलं. चोराच्या मनात चांदणं.

"यांनी टाकल्या गोळ्या," ती सर्जनबाईंना म्हणाली. "आणि हे यांचे सल्लागार."

"जोड त्यामुळेच सुटला असं नाही म्हणता येत," सर्जनबाई म्हणाल्या. "गोळ्या घेऊनही काहींचा सुटतो. पण धोका कमी झाला असता."

"पण ते चांगले जंतू असतात..." खमीरशेठ कण्हला.

"आतड्यात आहेत तोवर. बाहेर सांडले की जीव घेतात. आता आतड्याचं तोंड पोटावर काढून पिशवी लावू. बहुतेक काही महिन्यांनी परत जोडता येईल."

पिशवी म्हटल्यावर खमीरशेठचं डोकं फिरलं. पोटाला घाणीची पिशवी बांधून पावाच्या दुकानात उभं राहायचं? लोक काय म्हणतील? त्यापेक्षा मेलेलं बरं. अंगात ताप, ओठ कोरडे, श्वास पुरत नाही, तरी सुंभ जळाला पण पीळ जात नव्हता. "नको म्हणजे नको," तो म्हणाला. सर्जनबाई म्हणाल्या, थांबायला वेळ नाही.

दीर तोंड उघडणार तोच बायकोने त्याला दाराकडे बोट दाखवलं. तो गेला. मग ती नवऱ्यावर वाकली.

"लोक काय म्हणतील? लोक आजही म्हणतात की पाववाल्याला अक्कल नाही. त्यात पिशवीने काय भर पडणार? जन्मभर बरणीचं ऐकलंत, भावाचं ऐकलंत. आज माझं ऐका, नाहीतर त्या दुकानाला मी स्वतः कुलूप लावते."

"बरं," तो म्हणाला.

त्याला आत नेलं. ती बाहेरच्या बाकावर बसून त्याला ऐकवायचं सगळं मनात जुळवत राहिली. मूर्ख, हेकट, खोटारडा, जंतूंचा बाप. एकही शब्द गाळायचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिला आत सोडलं. चारी बाजूंनी नळ्या, पोटाला पिशवी, चेहरा पिठासारखा पांढरा. त्याने डोळे उघडले.

"बोल आता," तो पुटपुटला. "काय बोलायचंय ते."

तिने तोंड उघडलं.

"मी फार घाबरले होते हो," ती म्हणाली, आणि रडायला लागली.