यादीतले जुने नाव

मित्रांनो, माझ्या डोक्यावर दोन पपया ठेवल्या आहेत, त्यावरून मला फळी समजू नका. मी एक जुना संगणक आहे. सामोआतल्या सावाई बेटावर, चर्चला लागून असलेल्या घरात माझे आयुष्य गेले.

न्यूझीलंडहून आलेल्या पेटीत मांसाच्या डब्यांमध्ये मला कोंबले होते. सेतेफानो मास्तरांनी मला बाहेर काढले. ते शाळेत गणित शिकवत आणि चर्चमध्ये मुलांना गाणी. त्यांनी माझ्या पोटात गाण्यांसाठी दुसरी तबकडी, म्हणजे हार्ड डिस्क, बसवली. सुरू होताना मी कोणकोणती तबकडी शोधायची, याची यादीही त्यांनीच लिहून दिली. खारी हवा मला खाईल म्हणून ते रोज जुन्या लुंगीच्या फडक्याने मला पुसत. शेजारचे लोक म्हणत, "मास्तर बायकोपेक्षा याचे लाड जास्त करतात."

मग गावाने मास्तरांना घराण्याची पदवी दिली. पदवीबरोबर नवे नाव येते, तसे ते तुइलोमा झाले. ऑकलंडला असलेल्या त्यांच्या मुलीने, पेलेनिसेने, सवयीने जुन्याच नावावर पत्र धाडले. टपालकचेरीत नव्याने आलेल्या बाईने 'असा माणूस येथे नाही' असे लिहून ते परत पाठवले. मास्तर फोनवर पोट धरून हसले होते. "पोरी, मी जिवंत असताना टपालवाल्यांनी मला मारलं बघ!"

पुढे ते आजारी पडले. मला पुसणारा हात थांबला, पपया आल्या. यंदा मास्तर गेले.

पेलेनिसे घरी आली तेव्हा मुलांच्या रविवारला दहा दिवस उरले होते. त्या दिवशी गावातली सगळी मुले पांढरे कपडे घालून गातात. मास्तरांनी त्यांच्यासाठी शेवटचे गाणे रचले होते. ते कागदावर कुठेच नव्हते. स्वतः गाऊन त्यांनी ते माझ्या दुसऱ्या तबकडीत ठेवले होते.

वर्षानुवर्षे कुणी हात न लावलेली माझी प्रणाली पेलेनिसेने आधी अद्ययावत केली. त्यात माझा गाभाच, म्हणजे मला चालवणारा मूळ प्रोग्रामच, बदलला. पुन्हा सुरू झालो तो काळ्या पडद्यावर एकच ओळ लिहून थांबलो: यादीतली तबकडी सापडत नाही.

"मोडलंस ना!" मास्तरांची थोरली बहीण फुआतिनो कडाडली. "चार बुकं शिकून आली, आणि आल्या आल्या वाट लावली!"

पेलेनिसेने दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "तबकड्या पुसून सगळं नव्यानं भरू. गाणी जातील, यंत्र वाचेल."

"मग वाचवायचं काय राहिलं?" म्हणून तिने फोन ठेवला.

मित्रांनो, दोन्ही तबकड्या माझ्या पोटात जागच्या जागी होत्या. नव्या गाभ्याने त्यांना नवी नावे दिली होती, यादीत मात्र जुनीच होती. हे मी सांगणार कसे?

"सेतेफानो असता तर..." आत्या पुटपुटली.

"तुइलोमा म्हण आत्या, नाहीतर बाबा सापडायचे नाहीत..." पेलेनिसे बोलता बोलता थांबली. मग हळूच म्हणाली, "माझं पत्र परत आलं होतं. बाबा तर घरातच होते."

तिने पेन ड्राइव्हच्या चिमुकल्या काडीवरून मला जागे केले आणि यादी उघडली. जुनी नावे खोडून तिथे प्रत्येक तबकडीची जन्मखूण लिहिली. ही खूण गाभा बदलला तरी बदलत नाही. मग मला पुन्हा सुरू केले. मी यादी वाचली, खुणा जुळल्या, आणि दोन्ही तबकड्या मला सापडल्या.

पेलेनिसेने गाणे लावले. आधी खोकला आला, मग मास्तरांचा आवाज. "ताई, तेवढ्या कोंबड्या हाकल ना. गाण्यात येतायत."

फुआतिनो तटकन उठली, दारापर्यंत गेली. "हुश्!" अंगणात एकही कोंबडी नव्हती. ती तशीच उंबऱ्यावर बसली, आणि गाणे संपेपर्यंत तिथून हलली नाही.

रविवारी मुलांनी ते गाणे गायले. खिडकीतून मला सगळे ऐकू आले.

मित्रांनो, घरातल्या जुन्या यंत्राला अधूनमधून पुसा. ते एखाद्या सकाळी बोलेनासे झाले, तर टाकून देण्याआधी त्याच्या पोटात काय आहे ते विचारा. आत्या आता रोज मला पुसते. पुसून झाले की पपया पुन्हा माझ्याच डोक्यावर ठेवते. माझी काही तक्रार नाही.