पाटीमागचा बिबट्या

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे आणि माझ्या ओढ्यावरून रस्ता गेला नाही. पण हे मी तुम्हाला सांगितलंच नाही असं समजा. गोष्टीत ते अजून ठरायचं आहे, आणि वनरक्षक ताईंना तर यातलं काहीच माहीत नाही.

कारखान्यात मला एकच गोष्ट शिकवली: समोरून काही गरम आणि हलतं गेलं की फोटो काढायचा. मग राष्ट्रीय उद्यानातल्या एका ओढ्याकाठी मला पट्ट्याने झाडाला बांधलं. साळिंदरं, रानडुकरं, हरणं, सगळी तिथूनच पलीकडच्या रानात जात. फोटोसाठी कोणी कधी केस नीट केले असतील तर शपथ!

नऊ वर्षांनी तिथूनच मोठा रस्ता काढायचं ठरलं. रस्तेवाल्यांच्या अहवालात लिहिलं होतं, ‘सदर ओढ्यावर वन्यप्राण्यांचा वावर नाही.’ पाहणी त्यांनी भर दुपारी, गाडीच्या काचा वर करून केली होती.

हरकत नोंदवायला एक महिन्याची मुदत होती. ताईंनी माझे दोनशे फोटो उद्यानाच्या साहेबांपुढे ठेवले. इथे माझा दोष कबूल करतो. माझी तारीख कायमची एक जानेवारीवर अडकली आहे, आणि तारीख लावायचं बटण एका माकडाने खाल्लं आहे.

“ताई, सगळी जनावरं एक जानेवारीलाच आली? संमेलन होतं का?”

“साहेब, रोज येतात हो.”

“मला पटतंय. पण रस्तेवाले तारीख मागणार.”

दुसऱ्या दिवसापासून ताई लेकीची पाटी घेऊन येऊ लागल्या. जीपच्या आवाजाने जनावरं बिथरतात, म्हणून उद्यानाच्या नाक्यापासून चार किलोमीटर पायी. माझी बॅटरी बदलायची, पाटीवर तारीख लिहायची आणि माझ्यासमोर ताठ उभं राहायचं. ताप होता तेव्हाही आल्या. त्या दिवशी फोटोत पाटी जरा हलली आहे. मी इतकी वर्षं इतके प्राणी पाहिले, पण एवढा चिवट प्राणी नाही पाहिला.

एकदा जीपचे ड्रायव्हरकाका सोबत आले आणि हसत सुटले.

“ताई, चोराचा फोटो पोलीस असाच काढतात बरं का!”

“असू दे काका. गुन्हा रस्ता करणार, फोटो माझा.”

एकोणतिसाव्या दिवशी मला कार्डासकट ऑफिसात नेलं. रस्त्याचे इंजिनिअर फोटो बघत होते.

“पाटी तुमची, खडू तुमचा,” ते म्हणाले. “ताई एका फोटोत, जनावर दुसऱ्या फोटोत. जनावर त्याच दिवशी आलं कशावरून?”

ताईंनी लेकीची पाटी मांडीवर उलटी ठेवली.

साहेबांनी त्या सकाळचा फोटो उघडला. ताई ताठ उभ्या, हातात तारीख. आणि मागे, चार पावलांवर, मान लांब करून पाटी वाचत असलेला बिबट्या.

साहेबांनी स्क्रीन ताईंकडे वळवली.

“ताई, मागे वळून बघितलं होतं का?”

“नाही साहेब.”

“बरं केलंत.”

ताईंनी पाणी मागितलं. इंजिनिअरांनी स्वतः उठून आणून दिलं.

रस्ता वळसा घालून गेला. तो फोटो ऑफिसात मोठ्या चौकटीत लावला आहे. खाली ताईंचं नाव आहे, ते योग्यच आहे. माझं नाव नाही. मी कपाटात, मोडक्या स्टेपलरशेजारी असतो. पण मित्रांनो, आता दुसऱ्या ओढ्यावरून दुसरा रस्ता निघालाय असं ऐकतो, आणि ताई रोज पाटी घेऊन उभ्या राहिल्या तरी बिबट्या दर वेळी वाचायला येईलच असं नाही. म्हणून हा अर्ज:

माननीय साहेबांच्या सेवेशी सविनय सादर. यापुढे उद्यानातील कोणत्याही रस्त्याच्या नकाशास मंजुरी देण्यापूर्वी त्यावर सदर बिबट्याची लेखी संमती घ्यावी. सही येत नसल्यास पंजाचा ठसा चालेल. संमती घेण्यास इंजिनिअरांनी स्वतः, पायी जावे.

अर्जदार: कॅमेरा, कपाट क्रमांक दोन.
दिनांक: एक जानेवारी.